गुरुजींच्या गाडीचा रंग

१२ जानेवारी

नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता माजी सैनिकांच्या मंडळाच्या चिटणिसांनी दिला. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि मी माझ्या खोलीत बसून दात घडवतो. माझा थोरला भाऊ तुमच्या तुकडीत एका रणगाड्याचा प्रमुख होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी वाळवंटातल्या लढाईत गाडीवर शत्रूचा गोळा पडून तो गेला. चिटणीस म्हणाले, त्या तुकडीतले पत्राला उत्तर देण्यासारखे आता तुम्ही एकटेच उरलात. बाकीचे एक तर गेले, नाहीतर त्यांना स्वतःचं नाव विचारावं लागतं.

काम तसं पोरकट आहे. फावल्या वेळात मी रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करतो, वीत-सव्वा वीत लांबीच्या. सध्या दादाची गाडी करतोय. साखळ्या झाल्या, घुमट झाला, तोफ झाली. रंगापाशी घोडं अडलंय.

आमच्याकडे दादाचा गाडीवर बसलेला एकच फोटो आहे, तो काळा-पांढरा आणि लढाईच्या आधीचा. शेवटच्या पत्रात त्याने वहिनीला लिहिलं होतं, ‘गाडीला नवा रंग दिलाय. पाहिलास तर हसशील.’ कोणता रंग ते लिहिलं नाही. नऊच दिवसांनी तार आली.

वहिनी तेव्हा बावीस वर्षांची होती आणि मी सतराचा. आईवडील आधीच गेलेले. ती माहेरी गेली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. ती गेली नाही. टेलिफोन खात्यात नोकरी धरली, मला शिकवलं, माझं लग्न लावलं, आणि अजून आमच्याच घरात हक्काने रागावते. मागच्या महिन्यात माझी टेबलावरची गाडी पुसता पुसता म्हणाली, “भावजी, जगातल्या सगळ्या गाड्या झाल्या, यांची तेवढी राहिली. तो रंग मला एकदा बघायचाय.” एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

तुम्हाला काही आठवत असेल तर कळवाल का? फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू कमी येतं असं कळलं.

आपला,
गाडीवाल्या दादाचा धाकटा भाऊ


२९ जानेवारी

नमस्कार.

पत्र मिळालं. ऐकू कमी येतं हे खरं आहे. तोफेवर होतो, कान तिथेच ठेवून आलो. आता बाजारात किल्ल्या बनवायचं दुकान आहे. त्याला डोळे आणि बोटं पुरतात.

तुमच्या भावाला आम्ही गुरुजी म्हणायचो. सगळ्यांची घरची पत्रं ते तपासून द्यायचे. मी होणाऱ्या बायकोला ‘तुझी आठवन येते’ असं लिहिलं होतं. त्यांनी न खोडून ण केला. म्हणाले, “बाणातला ण काढ, नाहीतर ती नाही म्हणेल.” ती हो म्हणाली. गेली दोन वर्षांपूर्वी.

रंगाचं म्हणाल तर आमच्या गाड्या हिरव्या होत्या. वाळवंटात हिरव्या म्हणजे दुधात पडलेल्या माश्या. वरून चिखल फासायचो. तुम्ही हिरवा द्या आणि वर मातकट हात फिरवा, म्हणजे झालं. मी दुसऱ्या गाडीवर होतो, जास्त माहीत नाही.

वहिनींना नमस्कार.

तोफची


८ फेब्रुवारी

नमस्कार,

‘बाणातला ण’ वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “अगदी हेच. लग्नाच्या आधी मी पाठवलेलं पत्र यांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं.” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

पण तोफचीसाहेब, गाडी हिरवीच असती तर दादाने ‘नवा रंग’ कशाला लिहिला असता? शब्दाच्या बाबतीत तो ढिला नव्हता.

म्हणून सोबत नऊ तुकडे पाठवतोय. दुकानात वाळवंटी म्हणून जेवढे रंग मिळाले, तेवढे एकेका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर दिलेत. मागे नंबर आहेत. पिवळ्यापासून मातकटापर्यंत जवळ जवळ लावलेत, आम्ही दातांचे लावतो तसे. बघायची रीत सांगतो. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी उभे राहा, ऊन अंगावर नको. तुकडा हातभर लांब धरा आणि फक्त पाच सेकंद बघा. जास्त बघितलं की डोळा थकतो आणि सगळंच बरोबर वाटायला लागतं. मग एखाद्या निळ्या वस्तूकडे बघा आणि पुढचा तुकडा घ्या. पहिल्या नजरेत जो वाटेल तोच खरा.

दात निवडताना माणूस नेहमी वाजवीपेक्षा पांढरा निवडतो. मी मान डोलावतो आणि त्याच्या वयाचाच देतो. तुम्ही मात्र जो होता तोच निवडा.

आपला,
कवळीवाला


२७ फेब्रुवारी

नमस्कार.

तुकडे दोन आठवडे गल्ल्यात ठेवले होते. काल सकाळी बघितले. पाच सेकंद लागले नाहीत.

तिसरा. पण आहे तसा नाही. दातकोरण्याच्या टोकावर राहील एवढाच विटकरी त्यात घाला. पांढरा घालू नका. ऊन तिरपं असलं की तो किंचित गुलाबी दिसायचा. डब्यात डिझेल घातलेलं होतं, त्यामुळे अंगावर बसला नव्हता नीट, झाडूच्या काड्यांच्या रेघा होत्या, उभ्या. घुमटाच्या डाव्या बाजूला रंग पुरला नाही. तिथे वीतभर रुंदीचा हिरवा पट्टा तसाच राहिला होता, वर रुंद आणि खाली निमुळता.

एवढं पुरे. यापुढे विचारू नका.

तोफची


६ मार्च

नमस्कार,

तुमचे उपकार कसे फेडू? चार वेळा रंग कालवला. तीन फेकले. चौथा लावून वाळू दिला, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग ही दोन वेगळी माणसं असतात. त्याचा तुकडा सोबत आहे. बरोबर असेल तर नुसतं ‘हो’ कळवा.

पुढे विचारू नका म्हणता, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या गाडीवर असून तुम्हाला झाडूच्या रेघासुद्धा आठवतात. म्हणजे तुम्ही हात लावलेला असणार. दादाबरोबर तुम्हीही रंग दिलात ना? आणि आधी हिरवाच म्हणालात, ते त्याची आठवण नको म्हणून. मी समजू शकतो. मीसुद्धा दहा वर्षं तो फोटो उलटा ठेवला होता.

वहिनी म्हणते, ज्या माणसाला एवढं आठवतं त्याला जेवायला बोलवा. गाडी पुरी झाली की तुम्हीच ती तिच्या हातात द्यायची. येण्याजाण्याचं मी बघतो.

आपला,
कवळीवाला


२० मार्च

तुमचा तुकडा मिळाला. खिडकीत धरला. हो.

आज दुकान उघडलेलं नाही. एका बैठकीत लिहितो, पुन्हा वाचणार नाही. चुका असतील.

आम्ही बारा गाड्या होतो. जंगलाच्या बाजूने उचलून आम्हाला वाळवंटात टाकलेलं, म्हणून सगळ्या हिरव्या. भांडारात वाळूचा रंग नव्हता. शत्रू सोडून गेलेल्या एका ठाण्यात रंगाचे चार डबे मिळाले. चार डब्यांत एकच गाडी झाली असती. गुरुजी म्हणाले, माझी रंगवतो, लपते का बघू. मोठ्या साहेबांनी परवानगी दिली. झाडूने रंगवली. डबे मी ढवळले, संगिनीने. पोरं म्हणाली, “गुरुजी, नवरदेव कुठे निघाला?” गुरुजी म्हणाले, “तुमच्यासारखं शेवाळलेला बेडूक होण्यापेक्षा नवरदेव बरा.” खूप हसलो. त्या पत्रातलं हसणं तेच असेल.

नंतरच्या आठवड्यात एका पहाटे सगळीकडे धूळ होती. गुरुजींची गाडी अंधारात वाट चुकून पलीकडे गेली होती आणि त्यांचा वायरलेस बंद पडला होता, हे नंतर कळलं. उजाडता उजाडता समोरून, शत्रूच्या बाजूने, एक गाडी आली. आठशे पावलांवर. माझ्या डोळ्याला दुर्बीण. आमच्या गाडीचे प्रमुख नवे होते, दोनच दिवसांपूर्वी आलेले. म्हणाले, “रंग?” मी म्हणालो, “वाळूचा.” ते म्हणाले, “आपल्या हिरव्या. मार.”

मी मारलं. पहिलाच गोळा लागला. नेम चांगला होता माझा.

तुमच्या भावाला शत्रूने मारलं नाही. मी मारलं.

डबे मीच ढवळले होते, तेव्हा तो रंग मला कळायला हवा होता. हे मला आठवलं, पण कधी आठवलं ते सांगता येत नाही. बोट दाबल्यावर आठवलं, असं मी साहेबांना सांगितलं, बायकोला सांगितलं. कधी कधी वाटतं, आधीच आठवलं होतं, हिरवा पट्टाही दिसला होता, पण बोट थांबलं नाही. एक्केचाळीस वर्षं झाली, ठरत नाही.

आतले तिघे जागीच गेले. गुरुजी बाहेर पडले. आम्ही पोचलो तेव्हा शुद्धीत होते. ट्रकच्या सावलीत ठेवलं. डॉक्टर दुसऱ्या तुकडीबरोबर होते, ते येईपर्यंत दुपार झाली. तोवर मी पाणी पाजत होतो. त्यांनी विचारलं, “कुणी मारलं रे?” मी म्हणालो, “शत्रूने.” म्हणाले, “बरं झालं. मला भीती होती, आपल्यातलाच कुणी चुकला असेल.” मग आईला हाका मारत होते. तुमच्या वहिनींचं नाव दोनदा घेतलं. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, घरी एकच कळेल. शत्रूचा गोळा, जागच्या जागी. पत्र त्यांनीच लिहिलं.

जेवायला बोलावू नका. तो घास मला गिळणार नाही.

तोफची


३० एप्रिल

पत्र पोचलं का, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

तोफची


९ मे

पोचलं.

गाडी पुरी केली. तुम्ही सांगितलंत तशी, झाडूच्या रेघा, हिरवा पट्टा, सगळं. तीस वर्षांत एवढा जुळलेला रंग माझ्या हातून उतरला नसेल. टेबलावर ठेवून सवयीने चार पावलं मागे गेलो, एक डोळा मिटला आणि बघितलं. मग लक्षात आलं, मी कुणासारखा उभा आहे ते. बुटांच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकली. वहिनीला सांगितलं की रंग फुटला, पुन्हा करावी लागेल.

तिने विचारलं, ते गृहस्थ येणार का? म्हणालो, आजारी आहेत. तिने विचारलं, त्यांनी शेवटचं काही लिहिलंय का? साहेबांच्या जुन्या पत्रातलं वाक्य तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, तेही हेच सांगतात.

तुम्ही माफी मागितली नाहीत हे बरं केलंत. मागितली असतीत तर मला नाही म्हणावं लागलं असतं. तुमचा दोष नव्हता असं मी दिवसा स्वतःला समजावतो. धूळ होती, हुकूम होता, रंग शत्रूचा होता. सगळं पटतं. मग कुणाच्या तरी तोंडाचं माप हातात घेतो आणि दात भलतेच बसवतो. या महिन्यात चार कवळ्या परत आल्या.

सगळ्यात वाईट काय, सांगू? मी विचारलं नसतं तर तुम्ही सांगितलं नसतंत. पहिल्या पत्रात तुम्ही मला हिरवा देऊन मोकळं केलं होतं. मीच खोदत बसलो.

पुन्हा लिहू नका.


१४ जून

लिहू नका म्हणालो आणि मीच लिहितोय. नाइलाज आहे.

तुमचं पाकीट वहिनीच्या हाती लागलं. आतलं पत्र नाही, ते मी जाळलं. नुसतं पाकीट. त्यावरून तिने पत्ता उतरवून घेतलाय. ती तुम्हाला लिहिणार आहे. मी अडवू शकत नाही. अडवलं तर का, असं विचारेल.

ती एकच विचारेल: लगेच गेले का? एक्केचाळीस वर्षं ती त्या एका गोष्टीवर उभी आहे. साहेबांचं पत्र तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. त्यात वाक्य असं आहे: ‘डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.’ मी मे महिन्यात तिला तेच, तुमचं म्हणून सांगितलंय. तुम्हीही तेच लिहा. शब्द इकडचा तिकडे करू नका. जरा वेगळं काही निघालं की ती त्याचा धागा धरून पुढे येईल.

तुमच्याकडून मी हे मागावं, याची मला लाज वाटते. पण तुम्ही दादाशी एकदा हे केलंय. तिच्याशीही करा.


२१ जून

नमस्कार,

मी तुमच्या गुरुजींची बायको. भावजींच्या अपरोक्ष लिहितेय असं नाही, पण त्यांना दाखवूनही नाही.

मार्चपासून भावजी माझ्याकडे बघून बोलत नाहीत. बोलतात ते चहाच्या कपाकडे बघून. तुम्ही आजारी आहात असं म्हणाले. आजारी माणसाचं अक्षर पाकिटावर इतकं ठसठशीत नसतं, पण असो, मी काही म्हटलं नाही. परवा माळा झाडताना खोकं सापडलं. गाडी बघितली. रंग कुठेही फुटलेला नाही. मला हसू येईल असं यांनी लिहिलं होतं. नाही आलं. पण बघायची इच्छा होती ती पुरी झाली, आणि ती तुमच्यामुळे झाली. गाडी पुन्हा होती तशी ठेवून दिली. भावजींना माहीत नाही.

आता एक विचारते. तुम्ही तिथे होतात. ते लगेच गेले का? मी त्रेसष्ट वर्षांची आहे, ऐकून आडवी होणार नाही. खरं असेल ते लिहा.


२ जुलै

ताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मला लिहिण्याची सवय नाही. गुरुजी असते तर या पत्रावर बरीच लाल शाई लागली असती.

गुरुजींसारखा माणूस आमच्या तुकडीत दुसरा नव्हता. माझ्या लग्नाचं पत्र त्यांनी सुधारलं. पगार झाला की आधी तुमच्यासाठी पाकीट भरायचे आणि मग विडी घ्यायचे. कुणी रडत असलं की त्याला बेरीज-वजाबाकी घालायचे, म्हणजे रडायचं विसरतो, म्हणायचे. आम्हाला त्यांचा धाक होता आणि आधारही. शेवटपर्यंत कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

तब्येतीला जपा. भावजींवर रागावू नका, ते कामाच्या ओझ्याने थकले असतील.

तोफची


११ जुलै

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात काढली. बाहेरगावचे फोन जोडून द्यायचे आणि लाइन नीट लागली का ते थोडं ऐकायचं, असं काम. कोण मेलं, कोण पास झालं, कुणाचा नवरा कुठे आहे म्हणून सांगतोय आणि खरा कुठे आहे, सगळं कानावरून जायचं. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागे जातो, भलतंच काही सांगतो. खोटं बोलणाऱ्याचं वाक्य पाठ केलेलं असतं. ते कुठे अडत नाही.

लाल शाई, विडी, वजाबाकी हे सगळं तुमचं आहे. त्यानंतरचं वाक्य तुमचं नाही. ते साहेबांच्या पत्रात आहे. मे महिन्यात भावजींनी मला तेच सांगितलं, आणि आता तुम्ही लिहिलंत, अक्षरन् अक्षर. तीन माणसांनी एकच मरण बघितलं तर तिघे तीन तऱ्हांनी सांगतील. आणि त्याच्या आधी तुम्ही लिहिलंत, शेवटपर्यंत वाकडा शब्द बोलले नाहीत. ज्याला काही कळलंच नाही, तो शेवटपर्यंत काय बोलणार?

म्हणजे ते लगेच गेले नाहीत. किती वेळ लागला ते मी विचारत नाही. विचारलं तर तुम्ही पुन्हा खोटं लिहाल, किंवा खरं लिहाल, आणि दोन्ही मला आता नको. इतकी वर्षं रात्री कधी जाग आली तर मी ते वाक्य म्हणायची आणि कुशीवर वळायची. आता काय म्हणायचं ते मला सुचत नाही. या वयात नवं काही पाठ होत नाही.

भावजींना मात्र मी सांगितलं, तोफचींचं पत्र आलं, ऐकून जिवाला बरं वाटलं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या रात्री दोन घास जास्त जेवले. मला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःला किती वाळवलंय ते दिसतंच. मला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांचं तेवढंही वाया जाईल. मूल नव्हतं मला, त्यांनाच वाढवलं. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना फसवत राहू. घर तसं लहान आहे, पण जमेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रावरून कळते. तुम्ही लांबून बघितलेलं नाही. तुम्ही त्यांच्या जवळ होतात. परक्या मुलखात, धुळीत, माझा माणूस एकटा नव्हता, तुमच्यासारखं कुणी त्याच्या उशाशी होतं. मला यापुढे धरायला एवढंच आहे. त्याबद्दल मी तुमची जन्मभराची ऋणी आहे. देव तुमचं भलं करो.

या पत्राला उत्तर देऊ नका. पोस्टाच्या पेटीची किल्ली भावजींकडे असते.

तुमच्या गुरुजींची बायको